गाठीचा अर्धा तास

माणसाच्या पायांकडे बघून माझ्या आत्याला कळतं, की त्याला आमचं बेट किती तासांचं दाखवायचं. मोठं जहाज सकाळी दहाच्या सुमारास धक्क्याला लागतं, शिडी खाली येते, आणि फाटकाबाहेर आत्या हातात पाटी धरून उभी असते. पाटी तिनेच रंगवली आहे: 'बेट दाखवते. वेळेवर परत आणते.' लोक पाटी वाचत असतात तेव्हा आत्या त्यांच्या पायांतलं बघत असते. कोरे करकरीत, टाच चावणारे बूट दिसले की दोन तासांचं बेट. झिजलेल्या, सवयीच्या चपला दिसल्या की चार तासांचं. आणि एखादा फाटके बूट घालून खुशीत उभा असेल, तर सहा तासांचं.

दोन तासांत चौक, बाजाराची गल्ली आणि तोफ. चार तासांत त्यात शिंपल्यांचं संग्रहालय येतं. ते एका निवृत्त पोस्टमास्तरांनी स्वतःच्या दिवाणखान्यात मांडलंय, आणि बऱ्याचदा शिंपल्यांच्या शेजारी ते स्वतःही झोपलेले बघायला मिळतात. सहा तासांत दीपगृह आणि पलीकडचा किनारा. आत्या खोटं काही सांगत नाही. तोफेपाशी उभी राहून म्हणते, "ही तोफ कधीच उडाली नाही. तोफ या बेटावर उतरवली आणि गोळे चुकून पुढच्या बेटावर गेले. तेव्हापासून दोन्ही बेटांचं चांगलं आहे." लोक हसतात. मी हे चारशे वेळा ऐकलंय, तरी मीही हसते.

मी तिच्या भावाची मुलगी. धक्क्यावर छोट्या बोटींच्या तिकिटांची खिडकी मिळाली, तेव्हापासून तिच्याकडेच राहते. आत्या बासष्ट वर्षांची. लग्न केलं नाही. आजोबांचं शेवटपर्यंत तिनेच केलं. स्वभाव म्हणाल तर फणसासारखा, आणि काटे फक्त वेळेच्या बाबतीत.

त्याला कारण आहे. धंद्याच्या पहिल्याच वर्षी एक म्हातारं जोडपं तिच्या हातून चुकलं. दीपगृहावर जरा जास्त रमली मंडळी, आणि धक्क्यावर येतात तो जहाज निघालेलं. म्हाताऱ्या गृहस्थांची औषधं जहाजावर. तसं वाईट काही झालं नाही, डॉक्टरांनी औषधं दिली, दुसऱ्या दिवशी बोटीने त्यांना पुढच्या बंदरावर पोचवलं. पण आत्याला आठ दिवस घास गोड लागला नाही. तेव्हापासून ती 'गाठ' मारायला लागली. जहाज पाच वाजेपर्यंत या म्हणालं, की आत्या लोकांना साडेचार सांगणार. मधला अर्धा तास गाठीला. वाटेत टायर पंक्चर झाला, कुणाची टोपी उडाली, कुणाला ऐनवेळी चहा हवा झाला, तर गाठ सोडायची. तीस वर्षांत तिचं एकही माणूस मागे राहिलं नाही.

अडचण एवढीच, की आत्याचं बघून सगळ्या धक्क्याने ही सवय उचलली. गाडीवाले गाठ मारतात, होडीवाले मारतात, आणि खोटं कशाला बोलू, मीही मारते. साडेअकराची बोट मी लोकांना सव्वाअकराची म्हणून सांगते. कोण कुणाला खरी वेळ सांगतंय, हे आमच्या बेटावर देवालाही ठाऊक नसेल.

आत्याची एक थोरली बहीण आहे. तिला मी ताईआत्या म्हणते. लग्न होऊन ती दूरच्या शहरात गेली त्याला चाळीस वर्षं झाली. इकडे यायचं म्हणजे दोन गाड्या आणि दिवसभराची बोट, म्हणून येणं मुळातच कमी. शेवटची आली ती अठरा वर्षांपूर्वी, आजोबा गेले तेव्हा. चार दिवसांनी ती बॅग भरायला लागली, आणि दारात उभी राहून आत्या म्हणाली, "तू पाहुणीसारखी येतेस आणि पाहुणीसारखी जातेस." अंथरुणाला खिळलेल्या आजोबांचं तीन वर्षं सगळं केलेलं माणूस ते. दमलेली होती, बोलून गेली. ताईआत्याने बॅग घेतली आणि गेली. पुढे दर रविवारी फोन व्हायचा, तब्येती विचारल्या जायच्या, पण ती पुन्हा बेटावर आली नाही, आणि आत्याने ये म्हटलं नाही.

गेल्या वर्षी ताईआत्याचे यजमान वारले. मुलगा परदेशात. चौथ्या मजल्यावर ती एकटी. आणि यंदा मुलाने आईला जरा बरं वाटावं म्हणून जहाजाच्या सफरीचं तिकीट काढून दिलं. ताईआत्याने फोनवर सांगितलं, "बावीस तारखेला तुमच्या धक्क्याला लागतंय गं आमचं जहाज. सात तास थांबणार आहे."

फोन ठेवल्यावर आत्या बराच वेळ हात पुसत उभी राहिली. हात कोरडेच होते.

दुसऱ्या दिवसापासून मागची खोली रिकामी व्हायला लागली. ती आजोबांची खोली. अठरा वर्षांत तिथे जुनी भांडी, मोडक्या खुर्च्या आणि माझ्या न वापरलेल्या व्यायामाच्या सायकलीने संसार मांडला होता. आत्याने सगळं काढलं. भिंतींना फिकट पिवळा रंग दिला. पलंग आणला, तो खिडकीखाली लावला, म्हणजे पडल्या पडल्या समुद्र दिसेल. न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली.

"दांडी कुणासाठी?" मी विचारलं.

"माझंही वय होतंय."

"तुझी न्हाणी तर पुढे आहे."

"तू तुझी तिकिटं फाड."

ताकाला जाऊन भांडं लपवायची आत्याची जुनी खोड. शेवटी मीच म्हटलं, "ताईआत्याला राहायला बोलवायचंय ना तुला? मग फोनवर सरळ विचार की."

"फोनवर ती नाही म्हणेल," आत्या म्हणाली. "आणि एकदा नाही म्हटलं की तिला ते बदलता येत नाही. लहानपणापासून तशीच आहे. खोली बघितली तर कदाचित म्हणणार नाही."

मग तिने बेत आखला. वहीचं पान घेऊन, रेघा मारून. तोफ, बाजार, शाळा, दीपगृह, पलीकडचा किनारा, आणि सगळ्यात शेवटी घर. तिचा धंद्यातला अनुभव असा, की माणसाला शेवटी जे दाखवाल तेच तो सोबत नेतो. घरी चहा व्हायचा, मग सहज मागची खोली उघडायची, आणि तेव्हाच विचारायचं. घराला पाऊण तास राखून ठेवला होता. मला एक दिवस वाटलं की हिने दीपगृहाच्या जागी घर घालावं, पण आपली आत्या म्हणजे बेटातली पदवीधर, तिला कोण शिकवणार.

बावीस तारखेला जहाज होतं, आणि जहाजाच्या दिवशी मला रजा नाही. सकाळी निघताना आत्याने विचारलं, "फलकावर किती लिहिलंय?" फलक माझ्या खिडकीसमोर आदल्या दिवशीच लागतो. त्यावर लिहिलं होतं, सर्व प्रवाशांनी पाच वाजेपर्यंत जहाजावर परतावे. मी म्हटलं, "साडेचार." मनात हेतू चांगलाच होता. बहीण भेटल्यावर हिचं भान सुटणार, मग अर्धा तास आपल्या गाठीला असलेला बरा.

आत्याने गाडी सांगितली होती ती घाईमामांची. हे आमचे सगळ्यात जुने गाडीवाले. खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवावं लागतं. त्यांना आत्याने सांगितलं, "चारला परत फाटकाशी." घाईमामांनी मान डोलावली आणि आपल्या मनाशी साडेतीन धरले. वर त्यांच्या गाडीतलं घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं, ती त्यांची खासगी गाठ.

ताईआत्या शिडी उतरली. पांढरे केस, हातात काठी, गळ्यात जहाजाचा निळा पट्टा आणि त्याला लटकलेलं ओळखपत्र. आत्या पाटी घेऊन आलेली. का आणलीस म्हणून मी नंतर विचारलं, तर म्हणाली, हात रिकामे ठेवून कसं उभं राहायचं ते सुचेना. दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. ताईआत्याने पाटी वाचली आणि म्हणाली, "वेळेवर परत आणतेस होय?" मग तिने आत्याच्या मनगटाकडे बघितलं. "आणि हे घड्याळ काढ बघू. मी काय गिऱ्हाईक आहे?"

आत्याने घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं. ते घड्याळ तिच्या हातावरून उतरलेलं मी प्रथमच पाहिलं. मनगटावर पट्ट्याची पांढरी खूण होती.

पुढचं मला घाईमामांकडून कळलं. तोफ, बाजार ठीक झालं. शाळेपाशी ताईआत्या नळावर पाणी प्यायली, ओंजळीने, पदर भिजवून, आणि तिथेच अर्धा तास गेला. दीपगृहाच्या पायऱ्या तिने खालूनच बघितल्या. उजवा गुडघा वर चढू देत नाही. पलीकडच्या किनाऱ्यावर दोघी वाळूत बसल्या आणि बालपणीच्या एका बकरीवरून इतक्या हसल्या, की घाईमामांना वाटलं कुणाला तरी ठसका लागला. मग आत्याने एकदम दचकून विचारलं, "मामा, वेळ आहे ना?"

तीस वर्षांत पहिल्यांदा तिने दुसऱ्याला वेळ विचारली, आणि विचारली ती नेमकी घाईमामांना.

"वेळ कसला," मामा म्हणाले. "निघालो तर जेमतेम पोचू."

"घरी दहा मिनिटं?"

"पाच मिनिटंही नाहीत. जहाज सुटलं तर मला बोलू नका."

घाईमामा सांगतात, गाडी आमच्या वळणापाशी आली तेव्हा तिने काचेतून एकदा वर बघितलं, आणि म्हणाली, "चला सरळ."

माझ्या खिडकीतून मला गाडी येताना दिसली. मी धक्क्यावरच्या मनोऱ्याचं घड्याळ बघितलं. तीन वाजून वीस मिनिटं. मला वाटलं काही तरी विसरलं असेल. घाईमामांनी दोघींना उतरवलं आणि धुरळा उडवत दुसऱ्या प्रवाशांना आणायला गेले. फाटकावरचे रखवालदार खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत.

"एवढ्या लवकर?" ते म्हणाले. "फाटक पाचला बंद होतं. अजून एक चिटपाखरू आलेलं नाही."

आत्याने मनोऱ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी खिडकीतच मान खाली घातली. "पाच होते," मी म्हटलं. "मी साडेचार सांगितले."

"मी चार सांगितले," आत्या म्हणाली.

हिशेब तिच्या लक्षात आला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तसं आमचं झालं. तीन शहाण्यांनी मिळून एका बहिणीचा दीड तासाहून जास्त वेळ गाठीला मारला होता, आणि गाठ सुटायला जागा नव्हती. मी घाईमामांना फोन लावला. ते पुन्हा पलीकडच्या किनाऱ्याला निघालेले. बाकीच्या सगळ्या गाड्या प्रवाशांना घेऊन फिरत होत्या, साडेचारच्या आत एकही मिळणार नव्हती. धक्क्यावरून आमचं घर चालत बारा मिनिटांवर आहे, पण त्यातल्या एकशेदहा पायऱ्या.

"मी चढते हळूहळू," ताईआत्या म्हणाली. आत्याने तिच्या गुडघ्याकडे बघितलं आणि तिला माझ्या खिडकीखालच्या बाकावर बसवलं. मग स्वतः शेजारी बसली. मी इतकी वर्षं तिला ओळखते, पण तिचा असा चेहरा पाहिला नव्हता. तिच्याकडे दाखवायला काही उरलं नव्हतं.

मी दोघींना चहा आणून दिला. मग ताईआत्याने गळ्यातला निळा पट्टा बोटाने वर उचलला.

"तू म्हणाली होतीस ना, पाहुणीसारखी येतेस. बघ, या खेपेला पट्टा घालूनच आले."

आत्याने चहाचा पेला खाली ठेवला. "ताई, ते मी बोलायला नको होतं. अठरा वर्षं दर रविवारी फोन ठेवला की मला ते आठवतं. मी दमले होते, आणि तू निघालीस म्हणून मला राग आला होता. तू जाऊ नयेस एवढंच म्हणायचं होतं मला."

"मग तसं म्हणायचं."

"नाही म्हणता आलं."

"मला तरी कुठे राहते म्हणता आलं," ताईआत्या म्हणाली, आणि नाक पुसलं.

मी तिकिटांचा गठ्ठा उगाचच पुन्हा मोजायला घेतला. खिडकी बंद करावी असं एकदा मनात आलं, पण केली नाही. कान टवकारून ऐकत होते, हे कबूल करते.

आत्या उभी राहिली. बसून तिला काही दाखवताच येत नाही. तिने हात वर केला, रोज प्रवाशांपुढे करते तसा. "वर ती निळी पाण्याची टाकी दिसतेय? तिच्या खाली लाल पत्रा. ते आपलं घर. आता तुमच्या डाव्या हाताला बघा…"

"'तुमच्या' कुणाला म्हणतेस गं?"

"तुझ्या. तुझ्या डाव्या हाताला मागची खोली. बाबांची. भिंत पिवळी दिलीय, फिकट. गडद तुला आवडत नाही. आत गेलं की उजवीकडे कपाट, त्याचा खालचा कप्पा मोकळा ठेवलाय, म्हणजे वर हात करावा लागणार नाही. न्हाणीत दांडी आहे, मी लोंबकळून बघितलं, पक्की आहे. उंबरठा काढून टाकला. पलंग खिडकीखाली आहे, उशीवर डोकं ठेवलं की समुद्र दिसतो. गाडीरस्ता मागच्या दारापर्यंत येतो, पायऱ्या चढायला नकोत. आजच तेवढा वेळेने दगा दिला."

एवढं एका दमात सांगून ती थांबली. प्रवाशांपुढे थांबते तेव्हा ती प्रश्नांची वाट बघते. इथे प्रश्न तिलाच विचारायचा होता.

"तू इथे राहायला ये," ती म्हणाली. "चार दिवस नको. कायमची ये."

ताईआत्या वर त्या लाल पत्र्याकडे बघत राहिली. मग ती चौथ्या मजल्यावरच्या आपल्या घराबद्दल बोलली, बंद पडणाऱ्या लिफ्टबद्दल, मुलाला काय वाटेल त्याबद्दल. आत्याने मधे एकदाही तोंड घातलं नाही. दोघींनी आणखी एकेक चहा घेतला. सव्वाचार कधी झाले ते मनोऱ्याकडे बघत असूनही मला कळलं नाही.

मग गाड्या यायला लागल्या. टोप्या, पिशव्या, शिंपल्यांच्या माळा. सकाळी आत्याची पाटी वाचलेले काही प्रवासी होते, त्यांनी हात हलवून म्हटलं, "छान बेट आहे, परत येऊ." आत्या हसली. हे वाक्य फाटकाशी प्रत्येक जण म्हणतो. तीस वर्षांत आत्याने ते हजारो वेळा ऐकलंय, आणि परत आलेले लोक हाताच्या बोटांवर मोजावे इतके. तिचा नियमच आहे, की फाटकावरचं 'परत येऊ' घरी न्यायचं नाही. मला धास्ती वाटत होती ती त्याचीच. ताईआत्याने आता ते म्हटलं, तर आत्या तस्सं हसेल आणि ते घरी नेणार नाही.

पावणेपाचला ताईआत्या उठली. आत्याच्या मनगटावरच्या पांढऱ्या खुणेवरून तिने अंगठा फिरवला, काठी घेतली, रखवालदारांना ओळखपत्र दाखवलं आणि फाटकातून आत गेली. 'परत येते' ती म्हणाली नाही. आत्या पाटी छातीशी धरून उभी होती. सात-आठ पावलांवर ताईआत्या थांबली आणि वळली. मागचे लोक खोळंबले.

"पलंग खिडकीखाली आहे म्हणालीस ना?" तिने विचारलं.

"हो."

"भिंतीकडे घे. सकाळचा वारा माझ्या गुडघ्याला सोसत नाही."

आणि ती शिडीकडे निघाली.

जहाज साडेपाचला सुटलं. आम्ही दोघी एकशेदहा पायऱ्या चढून घरी आलो. आत्या वाटेत एकच वाक्य बोलली, "यापुढे मला खरी वेळ सांगायची." घरी आल्यावर पर्स ठेवली, पाटी दाराआड उभी केली आणि सरळ मागच्या खोलीत गेली. मी दारात टेकून उभी राहिले. खिडकीतून वारा खरंच आत येत होता.

"आत्या," मी म्हटलं, "ती येते म्हणाली नाहीये. आधी वाट तरी बघ."

आत्याने पलंगाचं एक टोक धरलं होतं. "नुसतं बघायला आलेलं माणूस पलंग हलवायला सांगत नाही," ती म्हणाली. "तिकडून धर."